मोटारीतली सायकलस्वारी

“दोन्ही सायकली मोटारीच्या आत घालायच्या,” श्रीमंत म्हणाले. “पायरीला बांधायच्या नाहीत, मागे टांगायच्या नाहीत, बैलगाडीतून मागाहून पाठवायच्या तर मुळीच नाहीत. आमच्यासोबत, आत.”

करंबळी संस्थानचे अधिपती श्रीमंत धारराव राजे दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीनं महाबळेश्वरी थंड हवेला निघणार होते. सोबत कारभारी गणपुले आणि विलायतेहून नुकत्याच आलेल्या दोन सायकली. एक श्रीमंतांसाठी आणि दुसरी, त्यांच्या शेजारून जाता जाता जो कोणी मान डोलवील त्याच्यासाठी.

हसन ड्रायव्हर दबकत म्हणाला, “पुढची चाकं काढली तर मावतील, सरकार.”

“चाकं काढतोस? गेल्या साली जुन्या सायकलीचं चाक असंच काढून बसवलं होतं. रेसिडेंटसाहेबांच्या मडमेसमोर चाक गेलं एकीकडे आणि आम्ही गेलो गुलाबांच्या ताटव्यात. या सायकलींचा एक स्क्रूसुद्धा हलता कामा नये.”

“आणि श्रीमंत मागेच बसतील,” कारभाऱ्यांनी पुस्ती जोडली. “ड्रायव्हरशेजारी बसणं राजाला शोभत नाही. जमत नसेल तर उद्या किल्ली ठेव आणि खोली रिकामी कर.”

खोली म्हणजे मोटारखान्यामागची. तिथं हसनची बायको आठ दिवसांची बाळंतीण होती.

हे सगळं सुंद्रानं चाकावर पाणी मारता मारता ऐकलं. मोटार धुणं हे तिचं काम. पाणी आणि शब्द दोन्ही ती जोरातच मारायची, म्हणून कारभारी तिच्यापासून चार हात लांब उभे राहत. पण हसनची बायको बाळाला घेऊन कुठं जाईल, या विचारानं त्या दुपारी ती एकच चाक पुन्हा पुन्हा धूत राहिली.

हसननं सायकली आडव्या घालून पाहिल्या, तिरप्या घालून पाहिल्या. मोटार सात माणसांची, लांबलचक, तरी दर खेपेला एक चाक वीतभर दाराबाहेर राही. कारभाऱ्यांनी टेप आणून तीनदा माप घेतलं, सायकली गरजेपेक्षा लांब असल्याचा शेरा कागदावर लिहिला आणि चहाला गेले.

“मागची गादी आडवी येतीय,” सुंद्रा म्हणाली. “ती नसती तर दोन्ही उभ्या बसल्या असत्या.”

“ती नसती तर सरकार कुठं बसले असते, सुंद्राबाई?”

सुंद्रा उठली. तिनं सायकलीच्या सीटवर ओल्या हाताचा अंगठा दाबला. खालच्या स्प्रिंगा करकरल्या. पुन्हा दाबला आणि ती गालात हसली.

“पाना आणा, हसनभाई. सायकलीला नगा लावू. मोटारीला लावा.”

सकाळी श्रीमंत बाहेर आले तेव्हा त्यांना निरोप द्यायला अर्धं गाव वाड्यासमोर जमलं होतं. मोटारीचा कापडी टप मागे दुमडलेला होता आणि दोन्ही सायकली आत ताठ उभ्या होत्या. त्या हलू नयेत म्हणून चहूबाजूंनी दिवाणखान्यातले लोड-तक्के ठासले होते. मागची गादी मात्र गायब होती.

“श्रीमंतांची गादी काढली?” कारभारी किंचाळले. “हा राजद्रोह आहे!”

हसन दोन पावलं मागं सरकला. सुंद्रा पदराला हात पुसत पुढं झाली.

“सायकलींचा स्क्रू हलवला न्हाई, सरकार. मोटारीच्या स्क्रूचा हुकूम नव्हता.”

“मग आम्ही बसायचं कुठे?” श्रीमंतांनी विचारलं.

“सायकलीवर. सीटाला स्प्रिंगा हायत्या. पुढं हसनभाई, मागं सरकार. हुकूम सगळा पाळलाय.”

“राजानं मोटारीत सायकलवर बसायचं?” कारभारी म्हणाले. “लोक हसतील.”

“हसत्यातच की. चढ आला की दोन शिपाई मागनं सरकारांची सायकल ढकलत्यात, तवा समदा गाव तोंडाला पदर लावतो. आज ढकलायला इंजिन हाय. सबंध घाट सायकलवर बसून चढला आणि कपाळाला घाम आला न्हाई, असा दुसरा राजा दावा मला.”

गर्दीत कुणाला तरी खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

श्रीमंतांच्या मिशा हलल्या. त्या रागानं हलल्या की कशानं, हे सुंद्राला कळेना. पण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

“आणि आम्ही पडलो तर?” श्रीमंतांनी हळूच विचारलं.

“सरकार आजवर गटारात पडलं, गुलाबात पडलं,” सुंद्रा म्हणाली. “आज पडलं तर सोताच्या मोटारीत पडतील. राजाच्या पडण्याला काही इतमाम नगं?”

मग श्रीमंत हसायला लागले. आधी पोट हललं, मग फेटा हलला, शेवटी मोटारीच्या दाराला धरून उभं राहायची वेळ आली. डोळे पुसत ते आत चढले, सायकलवर बसले आणि शेजारच्या सायकलीकडे बोट दाखवून म्हणाले, “या, कारभारी.”

“पण श्रीमंत, मला सायकल येत नाही.”

“आम्हाला तरी कुठे येते? बसा.”

कारभारी धोतर सावरत बसले आणि दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून त्यांनी डोळे मिटून घेतले.

“हसनची खोली कायम हसनची,” श्रीमंत म्हणाले. “कारभाऱ्यांनी त्यात लक्ष घालायचं नाही. आणि सुंद्रा, ती काढलेली गादी कुठाय?”

“मोटारखान्यात, सरकार.”

“ती तुझी. आजपासून तिच्यावर बसायचं आणि मोटार दुसऱ्यांकडून धुवून घ्यायची. मोटारखाना तुझ्या हाताखाली दिला.”

एवढं बोलून श्रीमंतांनी सायकलीची घंटी वाजवली आणि हसननं मोटार सोडली.