लवूच्या चाकातली हवा

खाडीकाठच्या एका गावात लवू नावाचा मासे विकणारा राहत होता. पहाटे होड्या काठाला लागल्या की तो बांगडे, तारल्या टोपलीत भरी, टोपली सायकलच्या मागे बांधी आणि चढ चढून वरच्या गावांत विकायला जाई. ऊन चढायच्या आत पोहोचला तर मासे हातोहात खपत. उशीर झाला तर बायका वास घेऊन नाक मुरडत आणि दार लावून घेत. लवूचे सारे घर त्या दोन चाकांवर चालत होते.

त्याच्या शेजारी धाकू राहायचा. धाकू एकटाच होता. फाटलेली जाळी सांधून तो पोट भरी. त्याची सायकल केव्हाच मोडीत गेली होती, पण तिचा पंप त्याने जपून ठेवला होता. वाडीत दुसरा पंप नव्हता.

पुढे काय झाले, लवूच्या मागच्या चाकातली हवा रोज जाऊ लागली. संध्याकाळी टणक असलेले चाक सकाळी जमिनीला टेकलेले असे. लवूने हवा भरायच्या वालाला धरून ट्यूब पाण्यात बुडवली आणि गोल फिरवून पाहिली. कुठेच बुडबुडा आला नाही. वालाचे तोंड मात्र त्याच्या मुठीतच राहिले होते.

मग रोज सकाळी धाकूच्या दारात जायचे आणि पंप मागायचा. धाकू हसून म्हणे, "आलास? चहा झाला का?" आणि स्वतःच पंप मारायला लागे. ते हसणे लवूला हळूहळू टोचू लागले. आपली अडचण बघून ह्याला बरे वाटते, असे त्याच्या मनात येई.

एका सकाळी पंप मारता मारता धाकू म्हणाला, "लवू, तुझ्या ट्यूबला काही झालेलं नाही. वालाच्या आत बारीक रबरी नळी असते ना, ती कुजली असेल. वालाच्या तोंडाला थुंकी लावून बघ. बुडबुडा आला तर हवा तिथूनच जाते."

लवूने त्याच्याकडे रोखून पाहिले. "माझ्या वालाचं तुला बरं ठाऊक!"

"अरे, जुन्या सायकलींचं तेच दुखणं असतं."

"स्वतःची सायकल गेली, म्हणून दुसऱ्याची चालते ते बघवत नाही तुला. रात्री तूच हवा सोडतोस, आणि सकाळी पंप घेऊन उपकार करतोस!"

लवू थट्टा करतो आहे असे धाकूला वाटले. तो हसला. त्या हसण्याने लवूची खात्रीच पटली.

गोष्ट किनाऱ्यावर पसरायला वेळ लागला नाही. मासे भरता भरता लवूनेच ती सांगितली. होड्यांचा म्होरक्या तांडेल म्हणाला, "जो शेजाऱ्याच्या पोटावर पाय देतो, त्याच्या हातात आपलं जाळं द्यायचं? उद्या गाठी सैल ठेवील." धाकूकडे जाळी यायची थांबली. तो प्रत्येकाला शपथेवर सांगत राहिला. जितके सांगे तितके लोक म्हणत, "चोराच्या मनात चांदणं."

लवूने बाजारातून स्वतःचा पंप आणला. सायकल रात्री घरात, चुलीजवळ उभी केली आणि दाराला आतून कडी घातली. सकाळी पाहतो तो चाक जमिनीला टेकलेले.

त्याची बायको येसू चूल पेटवत होती. ती म्हणाली, "कडी आत्ता मीच काढली. आत कोण आलं होतं?"

लवू चाकाजवळ खाली बसला. त्याने बोटाने वालाच्या तोंडाला थुंकी लावली. बुडबुडा आला, फुटला. दुसरा आला. त्याने वाल उघडला. आतली नळी भेगाळून चिकट झाली होती. नखाने ओढताच ती तुटली.

"अहो, जा आणि सांगा," येसू म्हणाली. "किनाऱ्यावर सगळ्यांसमोर बोललात ना? तिथेच सांगा."

"सांगतो. आजचे मासे विकून येतो, मग सांगतो."

त्याने नवी नळी घातली. चाक टणक राहू लागले. सांगायचे मात्र राहून गेले. किनाऱ्यावर पाऊल टाकले की त्याला तांडेल दिसे. ह्याला वाल तपासता येत नाही आणि निघाला माणसांवर आळ घ्यायला, असे म्हणून सगळे हसतील, या विचाराने तो टोपली भरायला लागे. उद्या सांगू, असे तो रोज मनाशी म्हणे.

इकडे धाकूची चूल थंड पडली. शेवटी बहिणीच्या गावी जायला तो निघाला. खाडीपलीकडे जाणाऱ्या होडीत बसायला आला, तेव्हा लवू टोपली बांधत होता. धाकू त्याच्याजवळ थांबला.

"लवू, चाक अजून बसतं का रे?"

सगळे ऐकत होते. खरे बोलायला अशी वेळ पुन्हा येणार नाही, हे लवूला कळत होते.

"नाही," तो म्हणाला. "आता नाही बसत."

"ऐका!" तांडेल ओरडला. "हा वाडी सोडायला निघाला आणि तिकडे चाक बरं झालं!" लोक हसले.

धाकूने लवूकडे पाहिले. "म्हणजे नळी बदललीस," तो म्हणाला, फक्त लवूला ऐकू जाईल इतक्या हळू. मग तो होडीत जाऊन बसला.

बहिणीचे गाव डोंगरात होते. तिथे जाळी नव्हती आणि धाकूला दुसरे काही येत नव्हते. काही महिन्यांनी तो वारल्याची बातमी आली.

त्या दिवशी लवू किनाऱ्यावर गेला आणि मोठ्याने म्हणाला, "धाकूने काही केलं नव्हतं. माझ्याच वालाची नळी कुजली होती."

तांडेलाने मान वर केली. "कधी कळलं तुला?"

"तो इथे होता तेव्हाच."

कोणी हसले नाही. "मग आता आम्हाला कशाला सांगतोस?" असे म्हणून तांडेलाने पाठ फिरवली.

तात्पर्य: न कळता कोणावर आळ घेणे ही चूक आहे, पण खरे कळल्यावरही तो आळ त्याच्या माथी राहू देणे हा अपराध आहे, आणि माणूस गेल्यावर बोललेले खरे त्याच्या काही कामी येत नाही.