पाहुणीची चूळ

जपून उतरा हो. शेवटच्या टप्प्याला शेवाळ आहे आणि तुमच्या त्या गुळगुळीत चपलांचा काही भरवसा नाही. हां, आता टेका इथं करंजाच्या सावलीला. समोरचा तो काळा खडक बघा. त्याच्या माथ्यावर ओंजळभर खळगा आहे. आहे की नाही पाणी त्यात? वैशाख चालू आहे, खालचा डोह घोट्याइतका उरलाय, आमच्या वेळशिंद गावच्या विहिरींनी तळ दाखवलाय, आणि हा खळगा भरलेला. उपसला तरी पुन्हा भरतो. हे पाणी देवाला घालायचं नाही, घरी न्यायचं नाही, यानं अंघोळ करायची नाही. फक्त चूळ भरायची. गावात कुणीही गेलं, लहान असो की थोर, की मसणवटीतून परतताना प्रत्येकानं इथं चूळ भरायची आणि मगच वेशीत पाय ठेवायचा. एकदा चूळ भरली की तो माणूस कसा गेला, कशापायी गेला, यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. याला पाहुणीची चूळ म्हणतात.

तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय, विचारायचं आहे काहीतरी. थांबा जरा. आधी ऐका.

फार मागची गोष्ट. घाटातून बैलांचे तांडे चालायचे तेव्हाची. माघातल्या एका सकाळी गुरं पाण्यावर आणणाऱ्यांना या खडकाला टेकून एक बाई बसलेली दिसली. हाक मारली, उठेना. जवळ जाऊन पाहतात तर अंग गार. जखम नाही, वळ नाही, साप डसल्याची खूण नाही, तोंडाला फेस नाही. चालून दमल्यावर जरा टेकावं तशी बसलेली, डोळे मिटलेले. लुगडं चांगल्यापैकी, पण पाय कष्टकरणीचे, भेगाळलेले. कपाळ कोरं आणि हातात मात्र बांगड्या. आता हिला सवाष्ण म्हणावं की विधवा? घरंदाज म्हणावं की मोलकरीण? आसपासच्या गावांना माणसं धाडली, घाटमाथ्यावर तांड्यांना विचारलं. कुणाचीच नव्हती ती.

वेळशिंदनं तिला टाकली नाही, हे मात्र आधी सांगायला हवं. रायाजी पाटील म्हणाला, "आपल्या शिवेत आली, आपल्या पाण्यापाशी बसली, म्हंजे आपली पाव्हणी झाली. पाव्हणीला काय बेवारशी जाळायची?" झालं, तेव्हापासून ती पाहुणी. कुणी लेकीसाठी ठेवलेलं हिरवं लुगडं काढून दिलं, कुणी तूप दिलं, एकानं तर दारचा आंबा तोडून लाकडं घातली. गावात चूल पेटली नाही. बायका सख्खी लेक गेल्यासारख्या रडल्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पुढं जे झालं ते ऐकताना हे विसरू नका.

तिला अंघोळ घालायला भिवराला बोलावलं. भिवरा ही गावची सुईण, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. साऱ्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची, त्यामुळं साऱ्या गावाची अंडीपिल्ली तिला ठाऊक. पण तिच्या तोंडून कुणाच्या घरचं काही बाहेर पडलं असं कधी झालं नव्हतं. लुगड्यांचा आडोसा करून तिनं पाहुणीला न्हाऊ घातलं, केस विंचरले. "कोण गं बाई तू?" असं हळूच विचारलंही म्हणे. अंगावर बघण्यासारखं काही नव्हतं. बाई होती, मेली होती, बस.

आडोशातून बाहेर आली तर सारा गाव समोर उभा. "काय दिसलं? भिवरा, काय दिसलं?" सकाळपासून उपाशी, रडून डोळे सुजलेली माणसं. भिवराला त्यांचीच कीव आली. यांना काहीतरी द्यावं, अगदीच कोरडं कसं परतवावं, असं वाटलं तिला. म्हणाली, "काई न्हाई. बांगड्या तेवढ्या नव्या हायती. परवा-तेरवा भरल्यावानी."

एवढंच बोलली. खरंच होतं ते. हिनं हौसेनं हात भरून घेतले होते, एवढंच भिवराच्या मनात होतं.

पण चितेचा धूर विरायच्या आत त्या वाक्याला पाय फुटले. नव्या बांगड्या? मग भरल्या कुणी? पंचक्रोशीत कासार एकच, नागोजी. घाटापलीकडून येऊन वेशीजवळ राहिलेला, एकटा जीव, बांगड्यांची पेटी घेऊन बाजार करणारा. येसू तेलीण म्हणाली, "मी पायलं की! तिनिसांजंला घाटाकडं चालला हुता, मागनं एक बाई." मग काय, प्रत्येकानं आपापलं तिखटमीठ लावलं. कुणी म्हणालं, लग्नाचं वचन देऊन आणली. कुणी म्हणालं, विष घातलं. कुणी म्हणालं, मूठ मारली. आणि सांगणारा प्रत्येक जण शेवटी डोळे पुसायचा, "बिचारी गं माझी बाय!" तिची जितकी दया येई, तितका नागोजीचा संताप येई. दोन्ही एकाच चुलीवर शिजत होतं.

राख सावडली त्याच दिवशी नागोजीला चावडीवर ओढत आणलं. पाटलानं विचारलं, "तिला बांगड्या तू भरल्यास का?"

नागोजी सरळ माणूस. म्हणाला, "भरल्या असतील, पाटील. बाजारात किती बायांना भरतो. मला हात वळखू येत्यात, तोंडं न्हाईत. कासारानं बाईच्या तोंडाकडं बघायचं नसतं. हात दावला असता तर सांगितलं असतं, पर हात तर तुमी जाळला."

लोकांनी त्यातलं 'भरल्या असतील' एवढंच ऐकलं. "कबूल झाला! कबूल झाला!" असा एकच गिल्ला झाला. मुसळ कुणी उचललं ते आज कुणी सांगत नाही. त्या मुसळाखाली नागोजीची दोन्ही हातांची बोटं ठेचली. कासाराची बोटं हो! बांगडी मनगटावर चढवताना बाईच्या कातडीला कळू न देणारी.

भिवरा कळताच धावत गेली. बांबूच्या कांब्या लावून एकेक बोट बांधलं. तो एवढंच म्हणाला, "भिवराकाकू, तिला न्हाऊ तुमी घातलंत. मी काई केलं आसं दिसलं का वो तुमाला?"

"न्हाई रं बाबा. कुणीच काई केलं आसं दिसलं न्हाई."

"मग त्यास्नी सांगा की."

भिवरा तशीच उठून पाटलाच्या दारी गेली, पाया पडली, म्हणाली, बांगड्या नव्या होत्या यापलीकडं मला काही म्हणायचं नव्हतं. पाटील म्हणाला, "आधी बोललीस, आता फिरवतीस? कासारानं काय दिलं तुला?" दारोदार फिरली. जिथं जाई तिथं बायका म्हणत, "तुला ठाव हाय समदं, तू लपवतीस." आयुष्यभर तोंड मिटून राहिली होती ना, त्याचंच आता तिला फळ मिळालं. गप्प राहणारीचं खरं कुणी मानेना.

पाटलानं निवाडा दिला तो असा. दहाव्याला खडकावर पिंड ठेवायचा, नागोजीला समोर उभं करायचं. कावळा शिवला तर पाहुणीचं काही मागणं नाही, कासार सुटला. नाही शिवला तर तिला तिचा न्याय हवा आहे. मग कासाराला वरच्या कड्यावरून डोहात लोटायचं. तेव्हा डोहाला तळ नव्हता म्हणे.

दहाव्याचा दिवस उजाडला. सारा गाव इथं, हे तुम्ही बसलात त्याच जागी. पिंड ठेवला. नागोजी उभा, हाताला कांब्या, दंडाला दोर. कावळे होते, या करंजावरच होते. पण एक खाली येईना. सुरुवातीला लोक रीतीप्रमाणं बोलले. "बाई गं, तुझं लेकरू असंल तर सांभाळू." कावळा येईना. "तुझ्या नावानं पाणपोई घालू." येईना. ऊन चढलं तशी माणसं पेटली. येसू तेलीण पुढं होऊन ओरडली, "पाव्हणे, तुझा जीव घेतला त्येचा आमी जीव घेतो, ये गं!" आणि खालच्या फांदीवरचा कावळा उडून वरच्या फांदीवर गेला. विधी सांगणाऱ्या जोशीबुवांना राहवेना. म्हणाले, "पाटील, दर्भाचा कावळा करून शिववतो मी, शास्त्राला धरून आहे." पाटील म्हणाला, "आज दर्भाचा चालायचा न्हाई, बुवा. आज निवाडा हाय." चार गड्यांनी नागोजीचा दोर धरला.

तेव्हा भिवरा उठली. कुणाशी बोलली नाही. डोहात उतरली, तोंडात पाणी घेतलं आणि गाल फुगलेले तसेच घेऊन वर आली. काही जण हसलेसुद्धा. खडकाच्या पायाशी तिनं ती चूळ टाकली आणि पिंडापुढं हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "बाई, तुझ्याविषयी जे बोलले ते थुंकून टाकलं. खरं हुतं तरी माझं न्हवतं ते, तुझं हुतं. तू कोण, कुठली, कशानं गेलीस, मला ठाव न्हाई. ठाव न्हाई ते मी पुन्यांदा बोलायची न्हाई."

कावळा वरच्या फांदीवरून खालच्या फांदीवर आला. सगळ्यांनी पाहिलं.

पाटील गड्यांना म्हणाला, "थांबा." मग येसू तेलीण मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "मी न्हाई पायलं गं! कासाराला पायलं, त्येच्या मागं बाई कुटं हुती? सगळी बोलत हुती म्हणून मी बी बोलले." उठून डोहाकडं धावली, चूळ भरून आली. कावळा आणखी खाली आला. मग एकेक निघाला. विष म्हणणारा निघाला, मूठ म्हणणारा निघाला, आणि जे काहीच बोलले नव्हते पण कान देऊन ऐकत होते तेही निघाले. म्हाताऱ्याकोताऱ्यांना डोहात उतरवेना, ती खडकाला धरून उभी राहिली. तेव्हा खडकाच्या माथ्यावर पाणी पाझरलं, असं सांगतात. तोच हा खळगा.

शेवटी राहिला पाटील. बराच वेळ राहिला. साऱ्या गावासमोर पाटलानं थुंकायचं म्हणजे काय गंमत आहे? कावळा खडकाच्या कडेला बसून त्याच्याकडं बघत होता. रायाजी पाटलानं पागोटं काढून खाली ठेवलं, खळग्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि चूळ टाकली. कावळा पुढं झाला आणि पिंडाला शिवला.

गड्यांनी नागोजीचा दोर सोडला. पाटील त्याच्यापुढं वाकून म्हणाला, "नागोजी, चुकलं आमचं. जमीन माग, घर माग, काय पायजे ते माग."

नागोजीनं कांब्या बांधलेले दोन्ही हात पुढं केले.

"हे द्या," म्हणाला.

भिवरा तिथंच खाली बसली आणि तिनं पदरात तोंड घातलं. पाहुणीसाठी रडली नव्हती इतकी ती त्या दिवशी रडली.

बोटं जुळली, पण वाकडी जुळली. नागोजी गाव सोडून गेला नाही. जाणार कुठं, त्या हातांनी? तो पेटी उघडून वेशीत बसायचा आणि नुसतं सांगायचा, अंगठा आत दाब, हात सैल सोड, घाई करू नको. आणि बायका एकमेकींच्या हातात बांगड्या भरायच्या. भिवरा विधवा, तिला बांगड्या कसल्या! पण बाजाराच्या दिवशी त्याच्या शेजारी बसून ती त्याला भाकरी भरवायची. घास कुस्करून त्याच्या तोंडात घालायची. लोक जाता-येता बघायचे आणि मान खाली घालून पुढं व्हायचे. दोघांबद्दल कुणी कधी शब्द काढला नाही.

आजही वेळशिंदची बाई कासारापुढं हात करत नाही. लग्नाचा चुडा असो की संक्रांतीच्या बांगड्या असोत, कासार पेटी उघडून बाजूला बसतो आणि बायका एकमेकींना भरतात. आजही दहाव्याला इथं कुणी मेलेल्याचं मागणं ओळखायला जात नाही. पिंड ठेवतात आणि गप्प उभे राहतात. उशीर होतो कधी कधी. होऊ दे.

आता विचारा, काय विचारायचं होतं ते. ती बाई कोण होती? कपाळ कोरं आणि बांगड्या नव्या, हे कसं? मघाशी तुमच्यातले ते चष्मेवाले पाहुणे शेजाऱ्याच्या कानात काहीतरी म्हणाले, घाटात तांड्यावरून चुकली असेल, नाहीतर हृदय बंद पडलं असेल, असंच ना? ऐकू येतं हो मला, म्हातारा झालो म्हणून काय झालं.

उठा. पाणी समोर आहे.