धावेचा सांधा

"मीच का पडतं घेऊ?" म्हणतोय न्हवं तो गणपा? भावाशी बोलणं टाकून तीन वर्सं झाली, तरी ताठा जाईना. त्येला ही गोष्ट ऐकवा. मोठ्यानं ऐकवा.

एका गावात दोन भाऊ लोहार होते. थोरला येसबा, धाकटा सिदाप्पा. बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची धाव, म्हंजी गोल पट्टी, चढवायची, तर तिची दोन टोकं तापवून सांधावी लागत्यात. टोकं पांढरी झाली, ठिणग्या उडाल्या, की लगेच घण पडला पायजे. एकानं सांडशीनं धरायचं, दुसऱ्यानं हाणायचं. एकट्याचं काम न्हवं ते.

एकदा सांधा कच्चा राहिला. चूक येसबाची. घण त्येनंच उशिरा घातला. पण गिऱ्हाइकाम्होरं बोल लावला धाकट्याला. सिदाप्पानं शेजारच्या गावात वेगळी भट्टी घातली. जाताना तो दारात जरा थांबला होता. येसबा पाठ फिरवून भाता ओढत राहिला.

पुढं एकदा येसबानं आपल्या शिकणाऱ्या लेकीला, शेवंताला, सहज विचारलं, सूर्याच्या भट्टीत कोळसा कोण घालतं गं?

ती म्हणाली, "आबा, तिथं कोळसा न्हाई. हायड्रोजनचे बारके कण हायत. ते एकमेकाला लांब ढकलत्यात. पण सूर्याचं वजन एवढं, आतली धग एवढी, की आदळून आदळून सांधत्यात. चारांचा एक होतो. आन् त्यो एक, चारांपेक्षा जरा हलका भरतो."

"मग उरलेलं कुठं जातं? आपल्या लोखंडाचं कीट झडतं, तसं?"

"झडत न्हाई. सांधताना जे जरासं सोडावं लागतं, त्येचंच ऊन होतं."

येसबा दारातल्या उन्हाकडं बघत बसला. मग पायताण घातलं आन् थेट भावाकडं निघाला.

सिदाप्पाची भट्टी गार पडली होती. म्हयन्यापूर्वी तो एकटाच धाव सांधायला गेला, एका हातात सांडशी, एका हातात घण. धाव उसळली. उजव्या हाताची चार बोटं गेली.

"चूक माझी होती," येसबा म्हणाला.

सिदाप्पानं डाव्या हातानं त्येच्याकडं बसायला पोतं सरकवलं.

"ठाव हाय, दादा. तवाच म्हणला असतास, तर आज तुझ्या भट्टीवर घण मारत असतो."

तात्पर्य: आपलं जरासं सोडल्याबिगर सांधा बसत न्हाई, आन् लोखंड गार झाल्यावर सोडून उपेग न्हाई.

ऐकलंत न्हवं? मग उठा. गणपाला हाताला धरून त्येच्या भावाच्या दारात न्या. आजच.