पाळण्यातली बाहुली

एका गावात नदीकाठी एक देऊळ होतं आणि त्या देवळात एक म्हातारा पुजारी राहत होता. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. देव म्हणजे मुठीएवढा पितळी बाळकृष्ण. तो लाकडी पाळण्यात मखमली दुलईखाली निजलेला असे.

पुजारी सोवळ्याचा फार कडक. एखादं मूल उंबऱ्याशी आलं की तो ओरडे, "लांब हो! देव म्हणजे काय खेळणं आहे?" हळूहळू मुलं यायचीच बंद झाली. पुजारी रोज पडद्याबाहेर बसून पाळण्याची दोरी ओढी, पाठ केलेलं म्हणे, नैवेद्य ठेवी आणि उचले. दुलई निघायची ती वर्षातून एकदा, गोकुळाष्टमीच्या स्नानासाठी.

त्या साली अष्टमीच्या आदल्या दिवशी त्यानं दुलई उचलली. देव नव्हता. त्याच्या जागी चिंध्यांची बाहुली होती. काजळाचे डोळे, त्यातला एक पुसलेला.

गाव जमलं. पाटील म्हणाले, "बुवा, चोर शोधा. त्याच्या घराला देवळाची पायरी कायमची बंद."

बाहुलीचा परकर हिरव्या कापडाचा होता. पुजारी ती बाहुली घेऊन बाबुलाल शिंप्याकडे गेला.

"चाचा, हा तुकडा तुमचाच ना?"

"माझाच. पिराच्या चादरीतून उरला होता. नावाड्याच्या कौशीला दिला."

"पिराची चादर बाहुलीला? तुमच्यात तर मूर्तीही चालत नाही!"

"मूर्ती नाही चालत, बुवा. पण लेकीची बाहुली आम्ही हिसकावत नाही. माझा नातू तर मी नमाजात वाकलो की पाठीवर चढून घोडा घोडा करतो."

"मग?"

"मग काय! तो उतरेपर्यंत कपाळ जमिनीवरच. अल्लाला घाई नसते. घाई मला असते, पाटलांची बंडी शिवायची राहते."

बाहुलीच्या डोक्यावर पांढरी जाळी होती. ती चर्च झाडणाऱ्या मार्थामावशीनं ओळखली. "वेदीवरचं कापड विरलं होतं, त्याची आहे. कौशीच घेऊन गेली."

"तुमच्याकडे पोरं देवाच्या वस्तूंना हात लावतात?"

"नाताळच्या गोठ्यातली मातीची मेंढरं दर साली पळवतात. एक तर दुधात बुडवून आणलं, भूक लागली होती म्हणे त्याला." मावशी हसली. "पण बाळ येशूला पळवायचं नाही. त्याला घ्यायचं तर खाली बसायचं, मांडी घालायची, मग मी देते."

पुजाऱ्यानं बाहुली उचलली आणि तो नदीवर गेला.

नावाड्याची झोपडी गावापासून लांब होती. कौशीची आई गेल्या साली वारली होती. बाप दिवसभर नावेवर. ती एकटीच वाळूत बसली होती, मांडीवर बाळकृष्ण आणि पुढ्यात पानावर वाळूचा भात.

"पोरी, देव चोरलास?"

"चोरला नाही. माझी सोनी ठेवली ना त्याच्या जागी." ती घाबरली होती, तरी म्हणाली, "पाळणा रिकामा झाला असता तर तुम्हाला एकटं वाटलं असतं."

"कधी नेलास?"

"अवसेला. तुम्ही नदीवर अंघोळीला गेला होता तेव्हा."

पुजाऱ्यानं मनात मोजलं. बावीस दिवस. बावीस दिवस तो चिंध्यांच्या बाहुलीला निजवत होता, नैवेद्य दाखवत होता, आणि त्याला कळलंही नव्हतं.

"हा बोलतो तुझ्याशी?"

"बोलत नाही. ऐकतो. बाबा अंधार पडल्यावर येतात. तोवर मी कुणाशी बोलू?" तिनं देव पोटाशी धरला. "नेणार तुम्ही?"

नेला, तर उद्यापासून ती पुन्हा एकटी. पुजारी उभाच राहिला. मग तो सोवळ्यानिशी वाळूत बसला.

"आधी मला वाढ."

तिनं दुसरं पान मांडलं. "मीठ राहिलं बघा. मीठ आई घालायची."

"असू दे," पुजारी म्हणाला. "मीही अळणीच जेवतो."

दुसऱ्या दिवशी पाटलांनी विचारलं, "सापडला का चोर?"

"सापडला. देवाकडे न बघता बावीस दिवस दोरी ओढत होता तो. मीच. मला पायरी बंद करा."

पाटलांनी स्वतःच बाजूला होऊन वाट दिली. कौशी देव घेऊन पुढे आली आणि तिनं त्याला न्हाऊ घातलं. त्याच्या कानात वाळू कुठे अडकते ते तिलाच ठाऊक होतं.

त्या दिवसापासून दुपारी देवळाचं दार उघडं राहू लागलं. कौशी आली की मांडी घालून बसे आणि पुजारी तिच्या मांडीवर देव देई. बाकीची मुलं लगेच आली नाहीत. जुना धाक जायला वेळ लागतो. संध्याकाळी कौशी देवाला पाळण्यात ठेवून घरी जाई, आणि पुजारी पडदा सारून, देवाकडे बघत दोरी ओढी.

सोनीला मात्र तिनं परत नेलं नाही. म्हणाली, "राहू दे तुमच्याजवळ. रात्री तुम्हाला कोण आहे?"

तात्पर्य: मुलाचा हात लागून देव कधी बाटत नाही. मोठ्यांनी त्याच्याकडे बघणं सोडलं, की पाळणा रिकामाच.