माळावरचे पाहुणे

"अजून किती झाकायचा ह्यो माळ, बुवा?"

अंबादासने कुंपणासाठी आणलेली बाभळीच्या काट्यांची मोळी दाणकन खाली टाकली. पाठीचा काटा पार ढिला झाला होता.

सखाहरीबुवांचा मठ उघड्याबोडक्या माळावर. दीक्षा मागायला आलेल्या अंबादासला बुवांनी मंत्र दिला नाही, कुदळ दिली. "मठापुढं विष्णुक्रांता लाव. मग बघू," म्हणाले.

विष्णुक्रांता ही तिथलीच. जमिनीला धरून पसरणारी, इवल्या निळ्या फुलांची, पाण्यावाचून तग धरणारी. हातचा मळ, असं अंबादासला वाटलं होतं. पण उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले.

मठाची रीत अशी, की ज्याची दीक्षा झाली नाही तो उंबऱ्याबाहेर जेवतो. त्याचं ताट अजून बाहेरच होतं. आणि बुवांची रीत त्याहून अजब. ताटावर बसण्याआधी ते दारात उभे राहून रिकाम्या माळाला हाक मारत, "कुणी उपाशी हाय का रे...?"

तिथं काळं कुत्रं फिरकत नसे. बुवा जरा वाट बघत, आणि उदास तोंडाने जेवायला बसत.

"झाकलाय की समदा," अंबादास म्हणाला. "एक पान कुरतडलेलं दावा. सशाला शिरू दिलं न्हाई. अळी दिसली की चिरडली. पाखरं गोफणीनं हाणली."

बुवा त्या हिरव्यागार माळाकडे बघत राहिले.

"लई राखलंस रं..."

"मग दीक्षा?"

बुवांनी काठीने कुंपणाची एक फांदी बाजूला सारली. मग दुसरी.

"बुवा! अवो, काय करताय?"

"दमलास. नीज जा."

भांडायचंही त्राण नव्हतं. अंबादास भिंतीला टेकला आणि तिथेच ढाराढूर झोपला.

जाग आली ती उन्हं वर आल्यावर. माळाचा एक कोपरा सशांनी फस्त केला होता. लावऱ्या पाखरांनी जागोजागी माती उकरली होती. पानांवर अळ्या, फुलांवर मधमाश्या, आणि कुठून कुठून आलेली फुलपाखरं. एवढ्या वर्षांच्या राखणीवर एका रात्रीत पाणी पडलं. अंबादास डोकं धरून बसला. त्याला रडूच आलं.

दुपारी तो बोचकं घेऊन उंबऱ्याशी आला.

"जातो, बुवा. माझ्यानं न्हाई व्हायचं. समदं खाऊन टाकलं..."

बुवांनी भाकरी वाढली. दाराकडे न जाता ते तसेच पानावर बसले. अंबादास गोंधळला.

"आज... हाक न्हाई मारली?"

बुवांनी दुसरं ताट उंबऱ्याच्या आत, आपल्या शेजारी सरकवलं.

"पाव्हणं जेवून गेलं की रं. ये... आता आपण जेवू."