न कमावल्याचा पुरावा

तुम्ही जे कधी कमावलंच नाही, त्याचा हिशेब तुमच्याकडे कुणी मागितला आहे का? नाही? मग तुम्ही कुंतलगडच्या पाठशाळेत शिकायला गेला नाहीत, एवढाच त्याचा अर्थ!

शेवंती गेली होती. खाडीपलीकडच्या राज्यातल्या नावाड्याची ही मुलगी. तिच्या गावात मोतीबिंदू झालेली माणसं भिंती चाचपडत फिरायची आणि डोळे बघणारा वैद्य एकही नव्हता. म्हणून ती नेत्रवैद्यकी शिकायला आली होती. शिक्षण संपत आलं होतं. परवा शेवटची परीक्षा. ती झाली की वैद्य होऊनच घरी जायचं!

तेवढ्यात राजा चंडकेतूला एक कल्पना सुचली. महाराजांना कल्पना सुचली की लोक आधी घराची दारं लावून घ्यायचे. दवंडी पिटली गेली. परराज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभराच्या मिळकतीचं विवरण द्यावं. ज्याने कमावलं त्याने कर भरावा. ज्याने काहीच कमावलं नाही, त्याने काहीच न कमावल्याचा पुरावा आणावा. पुरावा नसेल तर परीक्षेआधी राज्य सोडावं!

शेवंती कचेरीत गेली.

"मिळकत किती?" करप्रमुख धनेश्वरशास्त्रींनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही, शास्त्रीबुवा."

"म्हणजे नक्की किती काही नाही?"

शेवंती गोंधळली. "अगदीच काही नाही. जेवण पाठशाळेत, झोप पाठशाळेत. उरलेला वेळ काढे उकळण्यात जातो."

"वा! सगळे असंच म्हणतात. पुरावा?"

"जे घडलंच नाही, त्याचा पुरावा कुठून आणू?"

"ते नियमात नाही. तो आणायचा, एवढंच नियमात आहे."

"आमच्या गुरुजींना विचारा ना."

"गुरुजी दुपारी घोरतात. तेवढ्यात तू गुपचूप कमावलं नसशील कशावरून? राज्याचा अधिकारी साक्षीला हवा. तू वर्षभर कुठे होतीस, हे त्याने छातीवर हात ठेवून सांगायला हवं."

"असा अधिकारी मिळतो कुठे?"

"मिळत नाही!" शास्त्री पहिल्यांदाच हसले. "म्हणून तर नियम इतका चोख आहे. उद्या दरबारात ये. बोचकं बांधूनच ये, म्हणजे पुन्हा खेप नको."

किती ती काळजी! शेवंतीने खोलीवर येऊन खरोखरच बोचकं बांधायला घेतलं. लुगडी झाली, खल झाला, बत्ता झाला. गावातली आंधळी माणसं डोळ्यांसमोर आली आणि तिचा हात थबकला. शास्त्रीबुवांशी आपली गाठ काही आजच पडलेली नाही, हे तिला आठवलं. मग ती चक्क हसली, दिवा मालवून गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला.

"काय पोरी, आणलास पुरावा?" राजाने मिशीला पीळ देत विचारलं.

"साक्षीदारच आणलाय, महाराज. तुमच्या उजव्या हाताला उभे आहेत. धनेश्वरशास्त्री!"

शास्त्री दचकले. "मी? मी हिचा कोण लागतो?"

"कुणीच नाही. म्हणजे साक्षीदार माझ्या बाजूचा नाही, हेही सिद्ध झालं," शेवंती म्हणाली. "शास्त्रीबुवा, दिवाळीला राज्यातल्या प्रत्येकाला कोठारातून शिधा मिळतो. मीही पिशवी घेऊन रांगेत उभी होते. तुम्ही मला काय सांगून परत पाठवलंत?"

शास्त्रींचा चेहरा खुलला. राजासमोर स्वतःची काटकसर सांगायची संधी रोज कुठे मिळते! "योग्य तेच सांगितलं, महाराज! परराज्यातला विद्यार्थी इथे राहिला, तरी त्याचे दिवस राज्यात राहिल्याचे धरायचे नाहीत, असा आपलाच नियम आहे. तो असतो, पण नसतो. 'तू कुंतलगडात नाहीसच, मग शिधा कसला?' असं मी हिला तोंडावर सांगितलं. एक दाणा दिला नाही!"

"म्हणजे वर्षभर मी इथे नव्हते?"

"नव्हतीस!"

"एक दिवससुद्धा?"

"एक घटकासुद्धा नाही!"

"छातीवर हात ठेवून सांगता?"

शास्त्रींनी धपकन छातीवर हात ठेवला. "सांगतो!"

शेवंती राजाकडे वळली. "महाराज, जी मुलगी वर्षभर इथे नव्हतीच, तिने इथे कमावलं कसं? तुमच्या सगळ्यात कडक अधिकाऱ्याने भर दरबारात साक्ष दिलीय. याहून पक्का पुरावा मला तरी सापडला नाही."

शास्त्रींचा हात छातीवरच राहिला. आता तो कुठे ठेवावा, हे त्यांना सुचेना.

राजाने भुवया चढवल्या. "आणि मी ही साक्ष मानली नाही तर?"

"मग मी इथे होते असं ठरेल. काही हरकत नाही! मी आनंदाने जाईन. फक्त आजवरच्या सगळ्या दिवाळ्यांचा शिधा तेवढा बैलगाडीत भरून द्या. पाठशाळेतले बाकीचेही मागायला येतील म्हणा. गाड्या जरा जास्त सांगून ठेवा."

राजाने शास्त्रींकडे पाहिलं. शास्त्रींनी कोठाराच्या दिशेला पाहिलं आणि बोटांवर गाड्या मोजायला घेतल्या. मग राजाचं पोट हलायला लागलं, मिशा थरथरल्या, आणि महाराज सिंहासनावर मांडी थोपटत खो खो हसत सुटले!

"फिरवा रे दवंडी! नियम रद्द! आणि या पोरीला डोळ्यांवर उपचार करायची अवजारं द्या, चांदीच्या पेटीत!"

"महाराज," शास्त्री घाईघाईने पुढे झाले, "ही तर मिळकत झाली! दवंडी फिरेपर्यंत तरी विवरण द्यावं लागेल!"

"कुणाची मिळकत?"

"हिची!"

"कोण ही? इथे कुणी आहे का, शास्त्री?"

शास्त्रींनी समोर पेटी घेऊन उभ्या असलेल्या शेवंतीकडे पाहिलं.

"कुणी नाही, महाराज."

राजा इतका हसला, की त्याचा मुकुट सेवकाला सावरून धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठशाळेत परीक्षा झाली, आणि शेवंतीने ती दिली.