स्टोव्हचा नवस

भांडीकुंडी बोलत असत त्या काळी गोदाक्काच्या खानावळीत स्वस्त गॅसची शेगडी आली आणि रॉकेलचा स्टोव्ह माळ्यावर गेला. तिथून तो रोज नवस बोले, "गॅस महाग होऊ दे, म्हणजे आक्का मला खाली घेईल."

एके दिवशी गॅसचा भाव खरंच भडकला. स्टोव्ह हरखून ओरडला, "काय शेगडीबाई, उतरला ना तोरा?"

"अरे दादा, खनिज तेल महागलं म्हणूनच माझा गॅस महागला, आणि तुझं रॉकेलही," शेगडी म्हणाली. "आपण दोघं एकाच दाव्याला बांधलेलो."

दोन्हींपैकी कशावरच भात शिजवणं आक्काला परवडेना; तिने लाकडाची चूल मांडली. संध्याकाळी तिने स्टोव्ह खाली घेऊन पुसला. आता बर्नरमध्ये पिन फिरेल, पंप मारला जाईल, म्हणून तो वाट पाहू लागला. आक्काने त्याला शेगडीशेजारी, भंगारवाल्याच्या तराजूत ठेवलं.